अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस

ताई त्या हॉस्पिटलात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात झाडू होता. वय बावीस, काम डायलिसिसच्या खोलीची फरशी पुसण्याचं. पुसता पुसता कान मात्र मशीनकडे. कुठल्या आवाजाला टेक्निशियन धावत सुटतो आणि कुठल्या आवाजाला नुसतं बटण दाबून परत चहाकडे वळतो, हे त्यांना वर्षभरात पाठ झालं. बत्तिसाव्या वर्षी त्यांनी रीतसर कोर्सला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गातल्या पोरींनी त्यांना कुणाची तरी आई समजून बाहेरचं बाकडं दाखवलं. ताई आत गेल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि वर्षअखेरीला पहिल्या आल्या.

आता पन्नाशीला दोन वर्षं उरली होती. सात मशीनं आणि अठ्ठावीस पेशंट त्यांच्या ताब्यात होते. चौदा जण सोमवार-बुधवार-शुक्रवारचे, चौदा जण मंगळवार-गुरुवार-शनिवारचे. ज्यांची किडनी थकली त्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनमधून फिरवून स्वच्छ करायचं. त्यात खंड पडून चालत नाही. सगळे पेशंट, अगदी पंचाहत्तरीचे आजोबासुद्धा, त्यांना ताईच म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत.

त्या गावाचा समुद्र म्हणजे गरीब गाय. पावसाळ्यात जरा शिंगं हलवायचा, तेवढंच. वादळं व्हायची ती दूरच्या किनाऱ्यांवर, आणि इथली माणसं ती टीव्हीवर बघायची, हातात कप घेऊन. त्यामुळे मंगळवारी दुपारी बातमी आली की गुरुवारी दुपारनंतर मोठं चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येतंय, तेव्हा लोकांना आधी हसूच आलं. हवामान खात्याचाच पत्ता चुकला असेल, असं नाक्यावरचा पानवाला म्हणाला.

ताईंना हसू आलं नाही. कोर्सला असताना एका म्हाताऱ्या शिक्षकांनी वर्गात सांगितलं होतं, "पूर इतरांना त्याच दिवशी गाठतो. आपल्या पेशंटला तिसऱ्या दिवशी गाठतो. पाणी ओसरलेलं असतं, ऊन पडलेलं असतं, आणि मशीन बंद असतं." ताईंनी हिशोब मांडला. गुरुवारची पाळी बुडणार, शुक्रवारची बुडणार, शनिवारचा भरवसा नाही. वीज जाणार, नळ जाणार. म्हणजे जे करायचं ते बुधवारी.

त्या मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, उद्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणांना घेते. चारऐवजी तीन तास, चार पाळ्या. डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांचा होकार आहे."

साहेबांनी खिडकीकडे बोट केलं. "ताई, बाहेर पान हलत नाहीये."

"म्हणूनच आज आले. पान हलायला लागल्यावर तुम्ही मला भेटणार नाही."

साहेब माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर कागदाच्या आडोशाला वाढलेला. "बरं, घ्या उद्या सगळ्यांना. अजून काही?"

"खालचा पाण्याचा प्लांट गुरुवारी सकाळी उचलून वर ठेवायचा आणि जनरेटर मागच्या ओट्यावर चढवायचा."

इथे मात्र साहेबांनी चष्मा काढला. मशीनं पहिल्या मजल्यावर होती, पण त्यांना शुद्ध पाणी पुरवणारा प्लांट तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत, थेट फरशीवर. एका माणसाच्या एका डायलिसिसला शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी लागतं. तो प्लांट भिजला तर वरची सातही मशीनं शोभेची. पण पाइप कापायचे म्हणजे कंपनीची परवानगी हवी, नाहीतर गॅरंटी जाईल, असं साहेबांचं म्हणणं.

"गॅरंटी कपाटात आहे साहेब, प्लांट जमिनीवर आहे," ताई म्हणाल्या. "पाणी आधी जमिनीवर येतं."

साहेब म्हणाले, बघू. ताईंनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

नवरा प्लंबर. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी घरातला स्वयंपाकघराचा नळ ठिबकतच होता, ही गोष्ट ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगत. तो संध्याकाळी येऊन प्लांटभोवती दोनदा फिरला, फूटपट्टीने मापं घेतली, आणि म्हणाला, "तीन फुटाचा लोखंडी स्टँड लागेल. वेल्डरला आजच गाठतो. घरचा नळ मात्र यानंतर."

"घरचा नळ आता माझ्या सुनेच्या काळात," ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ताईंनी खुर्ची ओढली आणि यादी घेऊन एकेकाला फोन लावला. बहुतेकांनी फारसं विचारलं नाही. ताई म्हणतायत ना, मग येतो. सत्तावीस होकार झाले. अडले ते पीटी सर.

पीटी सर म्हणजे शाळेतले निवृत्त कवायत-शिक्षक. गावातली निम्मी माणसं त्यांच्या शिट्टीवर धावलेली. ते खाडीलगतच्या सखल वस्तीत एकटे राहत. फोनवर त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "माझा वार गुरुवार," आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदा उचललाच नाही.

बुधवारी सकाळी सहाला पहिली पाळी बसली. साडेनऊला दुसरी लावून झाल्यावर ताईंनी खोली हाताखालच्या दोघी नर्सवर सोपवली आणि स्कूटर काढली. सर अंगणात उभे होते, पांढरे बूट घालून. समुद्र तेव्हा काचेसारखा सपाट होता, पण त्याचा रंग ताईंना आवडला नाही.

"सर, चला. चौथ्या पाळीत तुमची खुर्ची ठेवलीय."

"ताई, शिस्त म्हणजे शिस्त. मी मंगळवारी येऊन गेलो. आज येणं म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर बसणं."

"तुम्ही मैदानात शिट्टी मारायचा तेव्हा एखादा पोरगा म्हणायचा का, सर, आज माझा वार नाही?"

सर अंगणातल्या झाडांकडे वळले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "हे घर सोडलं तर परत मिळेल का, कुणी सांगावं. चाळीस वर्षं झाली. हिच्या हातची झाडं आहेत."

ताई स्कूटर स्टँडला लावून पायरीवर बसल्या. तिकडे हॉस्पिटलात सात मशीनं चालू होती आणि इथे एकेक मिनिट मोलाचं होतं, तरी त्या बसल्या. म्हणाल्या, "घराचं मला सांगता येणार नाही सर. तुमचं सांगता येतं. आज आलात तर शनिवारी मी तुम्हाला परत सुई टोचीन, एवढी खात्री देते."

सर आत गेले, एक पिशवी भरली, बायकोचा फोटो त्यात घातला, दाराला कुलूप लावलं. स्कूटरवर मागे बसताना म्हणाले, "हळू चालवा. वळणावर हात दाखवा."

हॉस्पिटलात पोचल्यावर मात्र सरांनी दिवसाचं सोनं केलं. व्हरांड्यात एकाच दिवशी दोन दिवसांची गर्दी, त्यात नातेवाईक, पिशव्या, डबे. सरांनी खिशातून शिट्टी काढली. वजनाची रांग इथे, बसायची रांग तिथे, पुढच्या पाळीने हात धुऊन तयार. माजी विद्यार्थी असलेला एक ट्रकड्रायव्हर पेशंट पंचेचाळिसाव्या वर्षीही शिट्टी ऐकून ताठ उभा राहिला. दोन पाळ्यांमधला अर्धा तास कधी पस्तीस मिनिटांचा झाला नाही.

प्रत्येकाला सुई काढताना ताई हातात एक कागद देत आणि तोंडानेही सांगत. दिवसाला पाणी दोन कप, त्याहून जास्त नाही. मीठ बंद, केळी बंद. "आणि नीट ऐका. वादळानंतर झाडांखाली नारळांचा सडा पडेल. नळ बंद असतील, सगळं गाव नारळपाणी पीत असेल. तुम्ही एक घोटही घ्यायचा नाही. त्यातलं पोटॅशियम तुमची किडनी बाहेर टाकत नाही, तुमच्या हृदयाला ते विष आहे." नातेवाइकांकडून हे परत म्हणवून घेतल्याशिवाय त्या कुणाला सोडत नव्हत्या. संध्याकाळी साडेसातला चौथी पाळी उठली. सरांची राहण्याची सोय वरच्या वॉर्डात झाली.

गुरुवारी सकाळी पानं हलायला लागली होती. नवरा, वेल्डर आणि जनरेटरचा मेकॅनिक साखळ्या-कप्प्या घेऊन हजर झाले. पाइप कापायला करवत लावली, तोच दारात मॅनेजर साहेब उभे. ताईंनी मनात म्हटलं, आता गॅरंटी निघणार. साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि विचारलं, "कुठली बाजू धरू?"

अकराला प्लांट तीन फुटांवर चढला. बाराला जनरेटर ओट्यावर गेला. गच्चीवरच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरून दोरखंडांनी आवळल्या. भरलेली टाकी उडत नाही, रिकामी उडते, हे नवऱ्याने साहेबांना समजावून सांगितलं आणि साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

तीनला वादळ आलं. ताई पुढे कितीतरी वेळा म्हणत की आवाजाचं वर्णन करता येत नाही, आणि मग दहा मिनिटं करत. पत्रे गेले, खांब गेले, समोरच्या दुकानाची पाटी हॉस्पिटलच्या फाटकात येऊन पडली. समुद्र रस्त्याने चालत आला आणि तळमजल्यात शिरला. जिन्यावर बसून नवरा पाण्याची पातळी बघत होता. पायऱ्या एकेक करून बुडत गेल्या. अडीच फुटांवर पाणी थांबलं. बराच वेळ ते तिथेच होतं, आणि मग, कंटाळल्यासारखं, उतरायला लागलं.

शुक्रवारचा दिवस चिखल काढण्यात आणि नवे पाइप जोडण्यात गेला. गावात वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं, फोन मुका होता. मेकॅनिकने जनरेटर सुरू केला तेव्हा तो दोनदा खोकला आणि तिसऱ्यांदा लागला. ताईंनी शुद्ध पाण्याची तपासणी केली, एकदा, दोनदा, दोन्ही वेळा पाणी चोख निघालं, आणि मग भिंतीला टेकून तशाच उभ्या राहिल्या.

शनिवारी सकाळी सहाला त्या यादी घेऊन फाटकात आल्या. कुणाला बोलावण्याचा मार्ग नव्हता. कागदावर लिहून दिलं होतं, शनिवारी या, तेवढंच.

पहिली आली ती शिंपीणबाई, जावयाच्या हातगाडीवर बसून. मग ट्रकड्रायव्हर, पडलेली झाडं ओलांडत तीन मैल चालत. कुणी ट्रॅक्टरवर, कुणी मुलाच्या पाठीवर, एक आजी दाराच्या फळीवर, चौघांनी उचलून आणलेल्या. त्या आजी खाली उतरताच म्हणाल्या, "घरासमोर साठ नारळ पडलेत. ताई, मी एकालाही हात लावला नाही." वरच्या वॉर्डातून पीटी सर खाली आले आणि न सांगता रांग लावायला लागले. त्यांच्या घराचं छप्पर गेलं होतं, भिंती उभ्या होत्या, हे त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं.

दुपारी दोनपर्यंत सत्तावीस जण येऊन पोचले. राहिला तो एक तरुण शिक्षक, पुलापलीकडचा. पूल वाहून गेलेला. साडेचार वाजले. चौथी पाळी लावायची वेळ झाली, सहा मशीनं भरली, सातवं ताईंनी तयार करून रिकामं ठेवलं. नर्स म्हणाली, ताई, पाणी वाया जातंय. ताई म्हणाल्या, जाऊ दे.

पाचला वीस मिनिटं कमी असताना तो आला, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, कागदाची घडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून छातीशी धरलेली. "पलीकडून फिरून आलो," एवढंच म्हणाला. ताईंनी त्याचे पाय धुतले, वजन घेतलं आणि सुई लावली. मशीन फिरायला लागलं तसं खोलीतल्या बाकीच्या सहा जणांनी टाळ्या वाजवल्या, मोकळ्या असलेल्या एकेका हाताने, मांडीवर.

संध्याकाळी डॉक्टर वाट काढत पोचल्या. त्यांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. "अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस?" त्यांनी विचारलं.

"मोजून घ्या," ताई म्हणाल्या, आणि मग त्यांना पहिल्यांदाच रडू आलं.

दोन महिन्यांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या हॉस्पिटलांतले टेक्निशियन एका सभागृहात जमले आणि ताईंना बोलायला उभं केलं. एकेकाळी ज्यांना बाहेरचं बाकडं दाखवलं होतं, त्यांच्यासमोर आता दीडशे माणसं वह्या उघडून बसली होती. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मॅडम, सगळ्यात आधी काय करायचं?"

"सगळ्यात आधी एक चांगला प्लंबर गाठायचा," ताई म्हणाल्या. "लग्न करायलाच हवं असं नाही."

हशा ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग खडू उचलला, फळ्याकडे वळल्या आणि चार पाळ्यांच्या वेळा लिहायला लागल्या.