होडीच्या फळ्यांची दारं

तुमच्या गावाचा इतिहास टेम्पोत चढताना कधी पाहिलाय? आमच्या तळ्याकाठच्या भोईवाडीत होडी थकली की तिच्या फळ्यांचं घराला दार करतात आणि ती वल्हवणाऱ्याचं नाव त्यावर कोरतात. वाडीची दुसरी लेखी नोंद कुठेही नाही. काल तळ्यापलीकडचे रिसॉर्टवाले भिंतीवर शोभेला लावायला गंगूमावशीचं दार घेऊन निघाले.

मी ओरडलो, "मावशे, सासऱ्याचं नाव आहे त्यावर!"

"मेल्या, नाव खाऊ का? तळ्यात मासा उरला नाही," ती म्हणाली. "त्यांनी दिलेलं पत्र्याचं दार निदान पावसात फुगणार नाही."

नावं कोरलेली तीनच दारं उरलीत आणि तीही जातील. त्या रिसॉर्टात उतरलात, तर भिंतीवरची नावं एकदा मोठ्यानं वाचा.