दाराच्या पॅनेलला फासलेलं खोबरेल

काल कुंभार गल्लीत फायबरच्या गणपतीचं काम चाललं होतं. रेझिनचा उग्र वास नाकात गेला आणि मी थेट कसबा बावड्यातल्या आमच्या परसात जाऊन उभी राहिले.

खूप वर्षांपूर्वी तिथं रेसच्या गाडीचं वजन उतरवायला दादा दाराचं आतलं पॅनेल फायबरचं करत होता. मूळचं जड पॅनेलच साचा म्हणून धरून त्यावर तो काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन चढवणार होता. नवं पॅनेल चिकटू नये, सहज सुटून यावं म्हणून त्याआधी मेण लावायचं काम माझं. मेण अर्ध्यातच संपलं. दादा ओरडेल म्हणून उरलेल्या भागाला मी गुपचूप आईचं खोबरेल फासलं.

दुपारी रेझिन वाळलं, पण नवं पॅनेल सुटेना. पट्टी घालून उचकटताना दादाची बोटं रक्ताळली.

"सुटंना की गं! हे फुटलं तर पॅनेल न्हाय म्हणून उद्या रेसच्या तपासणीतच गाडी बाद करतील!"

शेवटी कडकन आवाज झाला. नवं-जुनं दोन्ही फुटलं. दादा मटकन खाली बसला. एक तुकडा त्यानं नाकाशी नेला आणि माझ्याकडं बघितलं.

आमचे वडील, आप्पा, धावत आले. "काय झालं रं?"

"माझंच चुकलं," दादा म्हणाला. "रेझिन घट्ट करायचं हार्डनर जास्त पडलं."

ती रेस हुकली आणि दादा पुन्हा कधी रेसला गेला नाही. त्यानं माझं नाव घेतलं नाही तेव्हा वाटलं होतं, वाचले. आता वाटतं, त्यानं तिथंच माझ्या एक थोबाडीत ठेवून द्यायला पाहिजे होती.