बोडीतली दुर्बीण

आमचा कॅमेरा उजेड पाहत नसे, ऊब पाहत असे. शास्त्राच्या पुस्तकात त्या किरणांना अवरक्त म्हणतात. हे घरी समजावताना माझं तोंड दुखायचं. बाप म्हणायचा, "ऊब पाहाले कॅमेरा कायले पाह्यजे? चुलीजवळ हात ने न." बोला आता!

ताऱ्यांची ती ऊब जमिनीपर्यंत नीट पोचतच नाही, हवेतली ओल मधल्या मधेच गिळून टाकते. म्हणून आमची दुर्बीण भल्या मोठ्या फुग्याला टांगून पार उंच सोडायची, आणि मी खाली बटणांसमोर बसून तिच्या पोटातला कॅमेरा चालवायचा. काम झालं की खालूनच बटण दाबून फुग्याचा दोर तोडायचा, दुर्बीण हवाई छत्रीने खाली. कॅमेऱ्याची स्वतःची ऊब आड येऊ नये म्हणून त्याला मोठ्या थर्मासात, इतक्या थंड द्रवात ठेवलेलं असे की बर्फ त्याच्यापुढे शेकोटी म्हणावा.

पहिल्या खेपेला फुगाच फाटला. दुसऱ्या खेपेसाठी, ज्यांनी ही दुर्बीण उभी केली त्या आमच्या साहेबांनी किती उंबरे झिजवले ते मी पाहिलं होतं. वरून निरोप आला, ही शेवटची. मोजणी हाती आली तर काम पुढे चालेल, नाही तर बंद. साहेबांचं उभं आयुष्य त्यात गेलेलं, आणि माझी कच्ची नोकरी त्यावरच लटकलेली.

ऐंशीच्या आसपासचा हिवाळा असेल. दूर दक्षिणेतून फुगा सोडला, तो ठीक चढला. कॅमेरा शहाण्यासारखा वागला आणि मोजणी दुर्बिणीतल्याच टेपवर भरत गेली. दगा दिला तो वाऱ्याने. नेहमीची वाट सोडून त्याने दुर्बीण उत्तरेला रेटली, आणि तुमसरच्या ठाण्यातून ट्रंक कॉल आला की सिहोऱ्याकडच्या एका शेतात तुमचं काहीतरी उतरलं आहे. मी तिथून जवळच्याच आंधळगावकडचा. साहेब परप्रांतातले, त्यांना ना मराठी ना हिंदी. म्हणाले, "तुझी माणसं आहेत, तूच बोल."

जीप बांधापाशी थांबली. धान कापून झालं होतं. पुंजने, म्हणजे कापलेल्या धानाचे रचलेले ढीग, मळणीसाठी जागोजाग उभे होते. आमची छत्री नीट घडी करून बांधावर ठेवलेली. दुर्बीण मात्र कुठेच दिसेना.

शेताची मालकीण पुढे आली, साठीची बाई, लुगडं वर खोचलेलं. "बोडीत हाये," म्हणाली आणि शेताच्या टोकाच्या तळ्याकडे बोट केलं.

"बोडीत काहून, माय?"

"काहून म्हन्जे? धूर निंगत होता न बापू! पडल्या पडल्या भसभस धूर, न पुंजना तं हा इथंच. ठिनगी उडाली असती तं साऱ्या गावाचं धान गेलं असतं. मंग आमी सारे झनं लागलो, ढकलत नेलं न देल्लं बुडवून. तवा कोठी धूर थांबला."

तो धूर नव्हता. आपटून थर्मासाचं झाकण उडालं होतं आणि उरलेल्या द्रवाची थंड वाफ बाहेर पडत होती. पण पुंजन्याजवळचा धूर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या घरचा पुंजना एकदा कोणाच्या तरी विडीने पेटला होता. त्या वर्षी आम्ही मागून आणलेली कणी शिजवून खाल्ली. त्या बाईच्या जागी मी असतो तर सगळ्यांच्या पुढे होऊन मीच ढकललं असतं.

लोकांनी दुर्बीण ओढून काढली. आरशाला मधोमध तडा. टेपची पेटी पडतानाच चेपली होती, ती उघडली तर आधी गढूळ पाणी आलं आणि मग एक बारीकशी मासोळी. फितीवर बोट ठेवलं तर तिचा वरचा थर चिखलासकट बोटाला लागून आला. खेळ खलास.

मला काही वाटलं नाही, खरंच सांगतो. ना राग आला, ना रडू. बधिर झालेला पाय आपला वाटत नाही, तसा मी सगळाच्या सगळा. कोणीतरी चहा दिला, तो प्यालो. गरम होता की गार, सांगता यायचं नाही.

साहेब बांधावर बसले होते, फितीची गुंडाळी मांडीवर. इंग्रजीतून, आवाज न चढवता म्हणाले, "हिने काय घालवलं ते हिला सांग. सगळं सांग."

बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मागे गाव उभं. "काय म्हन्ते सायेब? नासलं का काही?"

"काही नाही नासलं, माय," मी म्हणालो. "सायेब म्हन्तेत, बरं केलं. धान वाचलं न."

तिचा जीव भांड्यात पडला. घरून नव्या धानाचे पोहे मागवले आणि ते साहेबांच्या रुमालात बांधून दिले. मग बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्याने त्यांना म्हणाली, "मंग आखीन पाठवजा, सायेब! आमी आहो न. आता मालूम झालं तुमचं हाये म्हून, पान्यात नाही टाकत."

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. यात काय बदलणार होतो? पुढची खेप नाही, हे त्या साऱ्या शेतात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

साहेब उठले. माझ्या संगतीने मराठीतला एकच शब्द त्यांना येत होता. "हो," ते बाईला म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "हो."

ती गावाकडे वळली. "आयकलं का बे? येतेत म्हन्ते!" सगळे हसले. मग दुर्बीण जीपमध्ये चढवायला सारं गाव लागलं. कुठे आपटू नये, घासू नये म्हणून खाली धानाचं मऊ तणस अंथरलं आणि तिला अगदी जपून ठेवलं.