वखारीतला तराजू

आधीच सांगतो, मी रत्नागिरीतला इंजिनियर माणूस. राखणदार, चकवा, अंगात येणं... या विषयांवर मित्रांची खेचण्यातच माझी निम्मी हयात गेली. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

रत्नागिरीहून पावसकडे जाताना खाडीकाठी एक लहानसं बंदर लागतं. तिथे गलबतांच्या काळातली जांभ्या दगडाची वखार आहे. मुंबईच्या एका गृहस्थांनी ती घेतली, कॅफे करायला. काम माझ्याकडे होतं. आत मधोमध तुळईला टांगलेला माल जोखायचा भला मोठा तराजू, गंजून दांडी घट्ट बसलेली. तेल, डिझेल, हातोडा, सगळं करून झालं. शेवटी मी स्वतः पारड्यात उभा राहिलो. ऐंशी किलोचा मी, तरी दांडी ढिम्म! मग तो कापून तिथे काउंटर करायचं ठरलं.

वेल्डर सकाळी दहाला आला. त्याच्या पाठोपाठ शेजारच्या वाडीतल्या सुमतीकाकू, सून आणि अकरा दिवसांची नात. सुनेच्या डोक्यावर तांदळाची टोपली.

"मेल्या, कापतोस काय? हितली सगली पोरां ह्याच्यातच जोखलेली हायत!"

बारशाच्या आदल्या दिवशी बाळाला तांदळाने जोखायचं आणि त्या तांदळाचा भात बारशाला वाडीला घालायचा, अशी तिथली रीत. उद्या बारसं होतं.

"काकू, तो हलत नाही हो."

"तू बाजूला हो बघू."

पारडी जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. काकूंनी मऊ लुगडं अंथरून बाळाला ठेवलं, खाली हात धरला... आणि पारडं खाली गेलं. आवाजसुद्धा नाही! सुनेने दुसऱ्यात तांदूळ ओतले, पारडी समान झाली. मग काकूंनी बाळ उचललं. आता तांदळाचं पारडं खाली यायला हवं ना? आलं नाही. मी दांडीला लोंबकळलो, ती जागची हलेना. गंज होता तसाच.

"साहेब, दुसरा कुणीतरी बघा," म्हणत वेल्डरने सामान उचललं.

मालकांना मी फोनवर सांगितलं की तराजू कापला तर तुळईला धोका आहे. साफ खोटं! काउंटर कोपऱ्यात गेला. कॅफे सुरू झाल्यापासून गावातली पाच बाळं तिथे जोखली गेली. दर वेळी मी हजर होतो — शिडी लावून, टॉर्च घेऊन. तीन किलोच्या बाळाला हलणारी दांडी मला का दाद देत नाही, हे काही केल्या कळत नाही.

मग मला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी, घरच्यांचा ओरडा खाऊन, मी तिला तिथे घेऊन गेलो. पारड्यात ठेवली. पाच मिनिटं वाट पाहिली — दांडी हलली नाही. काकूंनी तिला अलगद उचलून माझ्याकडे दिलं.

"वाईट वाटून घेव नको रे. ती तुमची, रत्नांगिरीची."

कारण मला आजही सापडलेलं नाही. पण खरं सांगू? तेव्हा आश्चर्य वाटलंच नाही, नुसतं वाईट वाटलं.