रिकामी होत चाललेली सॅक

जोतिबाला चल म्हटलं तरी "गुऱ्हाळ सुरू हाय" म्हणून सांगणारा माणूस एके दिवशी आपण होऊन म्हणाला, "आपण तिघं इंडोनेशियाला जाऊया. देवळं बघू, शहरं बघू, एखादं बेट. पाठीवर सॅक टाकायची आणि निघायचं." तेव्हाच मी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

हा माझा शाळेपासूनचा मित्र. हातकणंगल्याकडचं जैन घर, ऊस, गुऱ्हाळ. वडील गेल्यापासून घरात आई आणि हा. स्थळं दाखवून दाखवून आई थकली, पण गड्यानं लग्न काही केलं नाही. तिसऱ्याचं शाहूपुरीत औषधाचं दुकान आहे, त्याला आम्ही मेडिकलवाला म्हणतो. चाळीस जणांना खोकल्याचं औषध दिलं की माणूस अर्धा डॉक्टर होतो, असं त्याचं ठाम मत. मी फरशा विकतो. समोरचं गिऱ्हाईक खोटं बोलतंय का, हे ओळखण्यात माझी हयात गेली. त्यामुळं मी संशयी आहे असं बायको म्हणते. मी सावध म्हणतो.

जकार्ताच्या गर्दीत पहिल्याच संध्याकाळी मला खटकलं. दिवे लागायच्या आत यानं जेवण उरकून घेतलं. आम्ही नंतर गाड्यावर भात आणि माशाचं कालवण चापत होतो, तर हा शेजारी नुसता बसून. पाणीसुद्धा घेईना. आता दिवस मावळल्यावर खायचं नाही असं त्यांच्या धर्मात आहे, हे मलाही ठाऊक आहे हो. पण याच माणसानं कॉलेजात असताना रंकाळ्यावर दिवेलागणीनंतर आमच्याबरोबर अंडाबुर्जी हाणलेली. घरी जाताना वास जावा म्हणून मूठभर बडीशेप चघळायचा. तो आता अचानक एवढा सोवळा कसा झाला?

"पोरगीचं प्रकरण हाय," मेडिकलवाला माझ्या कानात म्हणाला. "हितली असणार. भेटायला आलाय, आणि आपल्याला हमाल म्हणून आणलंय."

पण पोरगी काही दिसेना. प्रंबाननच्या देवळात आम्ही फोटो काढून दमलो, यानं एक फोटो काढला नाही. वर भारीतला कॅमेरा मेडिकलवाल्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "ठेव तुला." मेडिकलवाला खूष. दुसऱ्या दिवशी जर्किन मला दिलं. चांगलं नवं होतं. बालीत गेल्यावर बूट आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकाला देऊन टाकले आणि स्वतः साधी चप्पल घालून फिरायला लागला. फुकट मिळालं की बाकीचे आभार मानतात, मी कारण शोधतो. मी विचारलं, "का रं वाटत सुटलाईस?" तर म्हणे, "वजन होतंय." अरे, मग आणलंस कशाला?

बालीतल्याच उबुदला तर कहर झाला. डासांनी आम्हा तिघांना फोडून काढलं होतं. आमच्या टाळ्यांवर टाळ्या चाललेल्या, आणि याच्या दंडावर डास बसलाय, रक्त पिऊन टम्म होतोय, हा बघतोय, आणि हळूच फुंकर मारून उडवतोय! मेडिकलवाल्याचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भावा, गडी आजारी हाय. जेवण कमी झालंय, वस्तू वाटतोय, आणि डास चावला तरी काही वाटत न्हाय. मोठा आजार हाय काहीतरी. शेवटचं फिरून घेतोय."

मी त्याला शिवी दिली. पण मागचं सगळं जुळवून बघितलं, तर जुळत होतं की.

पुढं आम्ही एका छोट्या बेटावर गेलो. तिथं गाड्या नाहीत, घोडागाड्या फिरतात. दुपारी तो समुद्रात पोहायला गेला, आणि आम्ही दोघांनी चोरासारखी त्याची सॅक उघडली. रिपोर्ट, गोळ्या, काहीतरी सापडेल म्हणून. सापडायला आत काही राहिलंच नव्हतं. आणताना दोघांनी उचलावी अशी ती सॅक, आता एका बोटावर तोलली असती. दोन कपडे, पाणी गाळायचं फडकं, आणि तळाशी घडी घातलेलं पांढरंशुभ्र, न शिवलेलं लांब कापड.

मेडिकलवाल्यानं कापडाचं टोक चिमटीत धरून उचललं. "मर्दा... मर्तिकाचं कापड. सोबत घेऊन फिरतोय रं."

मला राहवलं नाही. ते कापड तसंच हातात घेऊन मी भर उन्हात किनाऱ्यावर गेलो. गोरी माणसं बघायला लागली. तो पाण्यातून बाहेर येत होता. मी ओरडलो, "काय झालंय तुला? सांगणार हाईस का बुडवू हितंच?"

त्यानं कापडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि असा हसला की खाली वाळूतच बसला. "येड्या, धोतर हाय ते. मी मुनिमहाराजांच्या संघात चाललोय. आधी ब्रह्मचर्याचं व्रत, मग पुढं झेपलं तर दीक्षा. रोज पहाटे नेसून बसतो, तुम्ही घोरत असता. गावात नेसलो असतो तर दुपारपर्यंत तालुक्याला कळलं असतं. हितं देवळात सगळेच कापड गुंडाळून फिरतात, कोण इचारतंय?"

आजार नाही म्हणून मेडिकलवाल्याला एवढा आनंद झाला की त्यानं त्याला मिठीच मारली. मला नाही झाला. माणूस जाणार तो जाणारच होता की. मी म्हणालो, "आणि आम्हाला कशाला आणलंस? कॅमेरा, जर्किन... लाच देतोस व्हय?"

तो पायाची वाळू झाडायला लागला. मग म्हणाला, "एक शेवटचं फिरायचं होतं तुमच्यासंगं. आणि दुसरं म्हणजे आईची परवानगी लागते. त्याशिवाय महाराज घेत न्हाईत. तिला मी इचारलं तर ती रडंल. ती तुझं ऐकते. तू बोल."

बघा! म्हणजे होतंच पाणी मुरत. मला असा राग आला की परतीच्या बोटीत मी त्याच्याशी बोललो नाही. पण नजर ठेवली. याचे कोणी कान भरलेत का? गुऱ्हाळात खोट आलीय का? कोणी पोरीनं नाकारलंय का? विमानतळावर, विमानात, मुंबईहून येताना गाडीत, आडून आडून सगळं विचारलं. गिऱ्हाईक कितीही पक्कं असलं तरी कुठंतरी फसतं. हा फसेना. शांत झोपायचा, हसायचा, माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरायचा.

त्याच्या घरी मी एकटाच आत गेलो, तो गोठ्याकडं थांबला. काकू तांदूळ निवडत होत्या. मी कशीबशी सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"कळलंय मला. आई हाय मी." मग सूप बाजूला ठेवलं. "माझं डोकं चालंना. बाकीचे सगळे पुण्य हाय, भाग्य हाय म्हणतील. तू संशयी हाईस, म्हणून तुला इचारते. त्याला खरंच जायचंय, का कशाला तरी कंटाळून पळतोय? पळतोय म्हणालास, तर मी सोडत न्हाय. मग बघू कोण नेतंय ते."

पळतोय. एवढा एक शब्द बोललो असतो की झालं होतं. तो गुऱ्हाळावर राहिला असता, आम्ही दर रविवारी भेटलो असतो. मला तेच पाहिजे होतं, अगदी आतून पाहिजे होतं. तोंडाशी आला होता शब्द.

"न्हाय काकू," मी म्हणालो. "मी लई तपासलं. पळत न्हाय."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि एकदा गोठ्याकडं बघितलं. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"मग तू येत जा अधूनमधून जेवायला," त्या म्हणाल्या. "कांदा-लसूण मिळायचा न्हाय. आणि दिवस मावळायच्या आत यायचं."