बापूच्या पंगतीतून मी का उठलो

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. आणि मी बोललो नाही असा विषय जगात उरलेला नाही, हे तुम्ही जाणताच! घोळक्यात माणसं कशी वागतात, का वागतात, या मनोव्यापारांवर मी कल्याणच्या खाडीपासून ठाण्याच्या मिठागरांपर्यंत व्याख्यानं झोडली. डोंबिवलीत ऐकायला माणसं पुरेनात, तर गावकऱ्यांनी म्हशी आणून बसवल्या. (बरं — एक म्हैस. तीही आपणहून आली.)

माझं सर्वांत गाजलेलं व्याख्यान बापूच्या पंगतीचं. बापू माझा कल्याणातला जिवलग मित्र. त्याची बहीण यमू विधवा झाली, आणि त्याने तिचे केस उतरवू दिले नाहीत. गाव खवळलं. तशातच त्याने नवं घर बांधून वास्तुशांतीचं जेवण घातलं. लोक आले — कुजबुजत, पण आले. पाटांवर बसले. आता पहिला घास तोंडात गेला की झालं! त्याच्याकडे जेवलेली माणसं त्याला वाळीत कशी टाकणार? सगळं त्या एका घासावर होतं. तेवढ्यात एकजण उठला, आणि मागोमाग अख्खी पंगत उठली. "मी एकटा बसून राहिलो!" — हे वाक्य टाकलं की टाळ्यांनी छपराची कौलं सरकत.

एकटा?

उठणारा पहिला मीच होतो.

आणि का उठलो? धर्म आठवला? छे! तूप वाढायला उशीर होत होता, आणि मांडी घालून माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. पाय झाडायला उठलो, एवढंच. माझ्याकडे बघून शेजारचा उठला, त्याच्याकडे बघून पलीकडचा… "अहो, बसा, पाय अवघडलाय" — इतकंच म्हणायचं होतं. पण एका शास्त्रीबुवांनी माझी पाठ थोपटली, "शाबास!" — आणि मी — मी तसाच बाहेर पडलो. लंगडत.

बापू वाळीत पडला. त्याची आई गेली तेव्हा खांदा द्यायला कोणी आलं नाही. मीही नाही. त्याने तिला बैलगाडीतून नेलं. मागून यमू चालत गेली. हे मला रंगवून सांगता येत नाही.

पुढे वारं फिरलं, सुधारणेला टाळ्या पडू लागल्या, तसा मी गोष्ट उलटी केली. एकदा ठाण्यात बोलताना बघतो तर बापू समोर! तरी गोष्ट मी शेवटपर्यंत रेटली. बाहेर गाठून तो म्हणाला, "झकास रंगवलंस रे! फक्त तो भात गार होता म्हणू नकोस. यमूने वाढलेला, चिडेल ती." आणि हात धरून घरी जेवायला नेलं.

त्या घराने मला काय दिलं नाही! विषमज्वरात मी पडलो, तर यमूने पेज भरवून उठवलं. एकदा वाटी पुढे करत म्हणाली, "लोकांना भ्यालात तेव्हा, भाऊ. कोण भीत नाही?"

मी मान डोलावली. मुंग्यांपेक्षा भीती बरी दिसत होती ना!

दोघंही आता नाहीत. त्यांच्या हातचं खाऊन मी म्हातारा झालो, अगदी तृप्त. मुंग्या पायाला आल्या होत्या. तोंडाला नाही.