एका मुलीच्या शाळेच्या शिपाईबाई

माझं अक्षर वाईट आहे आणि वेलांट्या कुठे पहिल्या, कुठे दुसऱ्या, हे मला अजून नीट कळत नाही. माझी शाळा चौथीतच संपली. गौरी म्हणते, "आई, तू लिही, मी तपासून देते." पण हे तिला दाखवायचं नाही. कुणी वाचलंच, तर चुकांसाठी माफ करावं.

शिपाईबाईंना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गावच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी उभ्याने झाली. पेन्शनीत निघाल्यावरही त्या कुणाच्या घरी गेल्या की दाराच्या चौकटीला खांदा लावून उभ्या राहायच्या. "बसा की बाई," म्हटलं तर म्हणायच्या, "बसलं की मानूस हाक आयकायचं बंद हुतंय." त्यांचं माहेर तिकडे आळंदकडचं, कानडी. कुणी गलका केला की बोट ओठावर ठेवून एकच शब्द सोडायच्या, "सुम्म!" त्या एका शब्दाने अख्खा वर्ग गप्प व्हायचा असं सगळं गाव सांगतं.

आमचं घर नळदुर्गच्या अलीकडे, हायवेला लागून आहे. पुढे गौरीच्या पप्पांचं पंक्चरचं दुकान आणि मागे आमच्या दोन खोल्या. गौरी आठवीत असताना तिला वर्गात दोनदा फिट आली. दोन्ही वेळा पोरांनी तिच्या नाकाला चप्पल लावली. आमच्याकडे तसंच करतात, त्यात पोरांचा दोष नाही. पण नंतर ती मला म्हणाली, "आई, मला तो वास सारखा येतो. मी नाही जाणार." हेडमास्तरही चांगल्या शब्दांत म्हणाले की औषध लागू पडेपर्यंत घरीच राहू द्या. मी घाबरले. मलाही चौथीनंतर "सध्या घरीच राहू दे" असंच म्हटलं होतं आणि ते सध्या कधी संपलं नाही.

मग माझ्या भाच्याने ती फोनवरची शाळा शोधून दिली. फी भरली की रोज दहा वाजता फोनमध्ये सर येतात, शिकवतात, अभ्यास देतात. नववी तिथे करायची आणि दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची. शिपाईबाई बघायला आल्या. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि गौरी गादीवर लोळत ऐकत होती. बाई दारातूनच बघत राहिल्या.

"ही शाळा न्हाय गं रंजे," त्या मला म्हणाल्या. "ह्यो शाळंचा फोटू हाय."

मला राग आला. आम्ही पोटाला चिमटा काढून फी भरली होती. मी मनात म्हटलं, आता पुन्हा नाही यायच्या. पण दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच त्या हजर होत्या.

"ऊठ. वेणी घाल. गादीवर कुनी शाळा शिकतंय व्हय? उद्या म्हनशील, मला न्हानीतच शिकवा."

दुकानाबाहेर ट्रकची एक जुनी रिम टांगलेली होती. त्यांनी गौरीच्या पप्पांच्या हातातली टॉमी, टायर काढायची लोखंडी कांब, घेतली आणि त्या रिमवर अशी घंटा दिली की चाकाखाली वाकलेला ड्रायव्हर उठून उभा राहिला. त्या दिवसापासून रोज घंटा झाली. दहाला भरायची, मग मधली सुट्टी, मग शाळा सुटायची. हैदराबादकडे नेहमी जाणारे ड्रायव्हर चहा पिताना विचारायचे, "बाई, मधली सुट्टी झाली का? आमाला बी सोडा की!" बाई म्हणायच्या, "तुमचा अभ्यास कच्चा हाय. तुमी बसा."

मधल्या सुट्टीत त्या गौरीला घरात थांबू द्यायच्या नाहीत. मागच्या चिंचेखाली न्यायच्या आणि मुद्दाम भांडण काढायच्या. "माझी चिंच तूच घेतलीस." "नाही घेतली." "खोटं बोलतीस, दात बघ आंबलेत." गौरी आधी रडकुंडीला यायची, पुढे पुढे तीही सोडेना. मी एकदा म्हटलं, "बाई, लेकराला कशाला छळता?" तर म्हणाल्या, "फोनमधला मास्तर चांगला शिकवतोय, त्याला मी नाव ठेवत न्हाय. पन त्यात भांडायला कुनी न्हाय. एकटं शिकल्यालं लेकरू पहिल्याच भांडनात हरतंय."

चप्पल लावू नये हे मात्र त्यांना मान्य नव्हतं. इतकी वर्षं शाळेत कुणाला फिट आली की पहिली चप्पल त्यांचीच असायची. गौरीने त्यांना तोंडावर सांगितलं, "सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, चप्पल लावायची नाही. फक्त कुशीवर करायचं." बाई त्या दिवशी घंटा न देताच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या अनवाणी. चपला पार रस्त्याकडेला, दुकानाच्या पाटीखाली काढून ठेवल्या होत्या. हळूच मला विचारलं, "कंच्या कुशीवर करायचं म्हनाले?" पुढे एकदा चालू तासाला गौरीला फिट आली. फोनमध्ये सर त्रिकोण शिकवतच होते, त्यांना दिसलंही नाही. बाईंनी तिला कुशीवर केलं, डोक्याखाली आपला पदर दिला आणि धावत आलेल्या ट्रकवाल्यांना दारातच अडवलं. "सुम्म!"

नववीची वार्षिक परीक्षा फोनवरच होती. सरांनी आधी बजावलं होतं की कॅमेरा चालू राहील आणि खोलीत दुसरं कुणी दिसता कामा नये. दिसलं तर पेपर आपोआप बंद होईल. मी बाहेर बसले होते, गौरीचे पप्पा दुकानात होते. बाईंना आम्ही सांगितलं होतं, त्यांनी मानही हलवली होती. पण गणिताच्या पेपराला मधली घंटा देऊन झाल्यावर त्यांनी तांब्या भरला, पेला घेतला आणि मी उठून "बाई" म्हणेपर्यंत त्या आत गेल्या होत्या.

"पानी पायजे का बाळा?"

स्क्रीन लाल झाली आणि पेपर बंद पडला. गौरी रडली नाही, नुसती त्या लाल रंगाकडे बघत राहिली. तिच्या पप्पांना कळलं तेव्हा ते हातातली ट्यूब टाकून आले. "बाई, काय केलंत हे! वर्ष गेलं पोरीचं!" बाई तांब्या धरून उभ्याच होत्या. पाणी पायावर सांडत होतं. आणि मला एकच दिसत होतं, की आता हिचंही ते "सध्या" संपणार नाही.

संध्याकाळी सरांनी आम्हाला फोनच्या कॅमेऱ्यापुढे बोलायला बोलावलं. गौरीचे पप्पा रागाने बाहेर गेले होते. मला परक्या माणसापुढे बोलता येत नाही. मी फोनपुढे बसले आणि नुसती बसून राहिले. तेव्हा बाई पुढे आल्या. सर म्हणाले, "आजी, बसा ना." त्या बसल्या नाहीत. त्यामुळे सरांना त्यांचा चेहरा दिसलाच नसेल, फक्त निऱ्या आणि जोडलेले हात दिसले असतील.

"साहेब, पोरीनं पानी मागितलं न्हवतं. मी दिलं. पेपरात लेकराला पानी न इचारता मी कदी ऱ्हायले न्हाय. तुमच्या शाळंला शिपाई न्हाय, हे ध्यानात ऱ्हायलं न्हाय माझ्या. तिचं वर्ष घिऊ नका. तिची आई चौथी शिकल्याली हाय, तिला बोलता येत न्हाय, पन रोज दाराआड बसून ती बी ऐकतीय."

ते त्यांना माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. सर म्हणाले की वर विचारतो. दोन दिवसांनी निरोप आला, पेपर पुन्हा घेऊ, पण त्याची फी दोन हजार भरावी लागेल, ते त्यांच्या हातात नाही.

आम्ही भरली. त्या पेपराला बाई घरात आल्याच नाहीत. रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करत होत्या, हॉर्न वाजवू नको म्हणून. गौरी पास झाली. पुढच्या वर्षी दहावीला तुळजापूरच्या केंद्रात, अनोळखी पोरांच्यात बसून तिने सगळे पेपर दिले. तिथे बाकावरून कुणाशी तरी भांडलीही, आणि बाक मिळवून आली. हे बाईंना सांगितलं तर त्यांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

पण दर महिन्याला पेन्शन झाली की बाई त्या दोन हजारांपैकी शंभर रुपये आणून माझ्या हातात द्यायच्या. मी घेत नसे. मग साखरेच्या डब्याखाली ठेवून जायच्या. "चूक माझी, तर भरनं माझं. तू मधी पडू नगंस." मला ते पैसे नको होते. पण खरं लिहिते, शाळा संपल्यावर त्यांचं येणं त्या पैशांपुरतंच उरलं होतं. म्हणून पुढे मी नाही म्हणायचं सोडलं. दर महिन्याला चहा ठेवायचे आणि त्या चौकटीला टेकून तो प्यायच्या.

यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि लेकीने त्यांना लातूरला कायमचं न्यायचं ठरवलं. जीप दुकानापुढे उभी राहिली. शेवटचे चारशे बाकी होते, ते त्यांनी रुमालात बांधून आणले होते.

"मोजून घे."

"असू द्या बाई. थोडे राहू द्या की. पुढं याल तेव्हा द्या."

"न्हाय गं. आता डोळ्याचं काय सांगावं? दिसतंय तवर दिऊन टाकते." त्यांनी गौरीच्या डोक्यावर हात ठेवला. ती आता नळदुर्गला अकरावीला जाते, रोज, एसटीने. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बी आता दाराआड बसू नगंस."

जीप गेल्यावर मी रुमाल सोडला. वाटलं, घाईत एखादी नोट कमी आली असेल. दोनदा मोजले. पूर्ण होते.